ताऱ्यांना फुटलेले कांटे

नाताळच्या दिवसांत शाळेच्या दारावर जी कागदी चांदणी लावतात, तिला पांच टोकें असतात. लहान मुलाच्या हातीं पाटी देऊन "तारा काढ" असें म्हटलें, तर तेंही टोकांचाच तारा काढील. परंतु आकाशांतील तारा हा मुळांत आपल्या सूर्यासारखा एक गोल, आणि तो आपणांपासून इतका दूर कीं, आपल्या दुर्बिणीस तो केवळ एका बिंदूप्रमाणें दिसावा. मग ह्या बिंदूला टोकें फुटतात तीं कोठून? हा प्रश्न बालिश नाहीं. गेल्या हिवाळ्यांत ह्याच प्रश्नानें आम्हांस कित्येक आठवडे गुंतवून ठेविलें. आणि त्याचें उत्तर सांपडण्यापूर्वीं आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्यायही घडला. तो वृत्तांत आणि त्यांतून निघालेला धडा येथें देत आहों.

प्रथम आपल्या डोळ्याविषयीं दोन शब्द. डोळ्यांतील भिंग हें कांचेसारखें एकजिनसी नसून बारीक तंतूंचें बनलेलें असतें, आणि हे तंतू जेथें एकमेकांस मिळतात तेथें सांध्यांच्या रेषा राहतात. तेजस्वी ताऱ्याला जीं टोकें दिसतात, तीं बहुतेक ह्या सांध्यांमुळें दिसतात. हें खरें कीं खोटें, तें प्रत्येकानें स्वतः पाहावें. हिवाळ्याच्या रात्रीं व्याधाच्या ताऱ्याकडे प्रथम उजव्या व नंतर डाव्या डोळ्यानें पाहा. दोन डोळ्यांस टोकांची ठेवण निरनिराळी दिसेल. आतां एकच डोळा उघडा ठेवून मान खांद्याकडे कलती करा. टोकेंही तितकींच कलतील. टोकें ताऱ्याचीं असतीं, तर तुमच्या मानेबरोबर तीं कां फिरलीं असतीं? ह्या लहानशा प्रयोगांत पुढील सर्व विवेचनाचें सार आहे: जी वस्तु फिरविली असतां टोक फिरतें, त्या वस्तूंतच टोकाचें कारण असतें.

आतां दुर्बिणीकडे वळूं. आमच्याजवळची दुर्बीण भिंगाची आहे. तिच्या तोंडाशीं ८० मिलीमीटर व्यासाचें वस्तुभिंग असून त्याचें नाभ्यंतर ४८० मिलीमीटर आहे. हें वस्तुभिंग बाहेरून एक दिसलें, तरी तें दोन भिंगांचें जोडभिंग आहे. दोहोंमध्यें हवेची बारीकशी फट राहावी म्हणून कडेला पातळ पत्र्याचे तीन इवलेसे तुकडे सारख्या अंतरावर बसविलेले आहेत. आणि सर्वांच्या पुढें आट्याचें एक कडें फिरवून तीं दोन्ही भिंगें जागच्या जागीं धरलेलीं आहेत. ह्या तीन तुकड्यांचा आणि त्या कड्याचा वाचकांनीं विसर पडूं देऊं नये. मागील बाजूचें नेत्रभिंग काढून तेथें कॅमेरा जोडावा, आणि ताऱ्यांच्या गतीबरोबर सावकाश फिरणाऱ्या बैठकीवर दुर्बीण चढवावी, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या अवधींत नुसत्या डोळ्यांस न दिसणारे तारेही चित्रांत उमटतात.

डिसेंबर महिन्यांत आम्ही नववी व दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांसह, पालकांच्या संमतीनें, आंबा घाटाच्या माथ्यावर एका रात्रीच्या मुक्कामास गेलों. रत्नागिरी शहरांतील दिव्यांचा उजेड आणि समुद्रावरील दमट हवा तेथें बाधत नाहीं. रात्र निरभ्र होती. मृग नक्षत्र पूर्वेकडून वर चढत होतें. ह्याच नक्षत्राच्या आधारें रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं 'ओरायन' हा ग्रंथ प्रसिद्ध करून वेदकालाचा विचार मांडला, ही गोष्ट आम्हीं मुलांस शेकोटीपाशीं सांगितली होती. मृगाच्या पोटांत रुतलेल्या बाणाचे तीन तारे एका चित्रांत घेतले, मृगांतील तेजोमेघ दुसऱ्यांत, व व्याध तिसऱ्यांत. संध्याकाळीं सामान उतरविलें तेव्हां उष्णतामापकांत २७ अंश होते. पहांटे ते १२ वर आले.

घरीं येऊन चित्रें मोठीं करून पाहिलीं, तों प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला तीन तीन कांटे फुटलेले! मधला गाभाही वाटोळा नसून किंचित् त्रिकोणी. कित्येकांस तें चित्र फार आवडलें. "तारे अगदीं खरे वाटतात," असें एका पालकांनीं म्हटलें, आणि वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर तें छापावें अशी सूचनाही आली. आम्हांस मात्र तें रुचेना; कारण भिंगाच्या चांगल्या दुर्बिणींत ताऱ्याला कांटे असूं नयेत, हें आम्हांस ठाऊक होतें. आणि येथेंच आमची चूक झाली. पहांटेच्या सुमारास दहावींतील एक मुलगा हातरुमाल घेऊन दुर्बिणीच्या तोंडाशीं उभा असलेला आम्हीं पाहिला होता. तेवढ्यावरून आम्हीं वर्गांत त्याला उभें केलें आणि भिंग पुसून चित्रें बिघडविल्याचा दोष त्याच्या माथीं मारला. तो म्हणाला, "सर, मीं पुसलें नाहीं. दंव पडलें कीं काय तें फक्त पाहिलें. रुमाल माझ्या नाकाला होता." मुलें हंसलीं, आम्हीं त्याचें म्हणणें मनावर घेतलें नाहीं. त्या दिवसापासून तो गच्चीवरील निरीक्षणास येईनासा झाला.

आठ दिवसांनीं नववींतील एका मुलीनें विचारलें, "सर, हबल दुर्बिणीच्या चित्रांत ताऱ्याला चार कांटे असतात आणि आपल्या चित्रांत तीन, असें कां?" ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर देण्यास बसलों, तेव्हां आपण केलेला आरोप शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं हें आमच्या ध्यानांत येऊं लागलें.

प्रकाश सरळ रेषेंत जातो असें आपण शाळेंत शिकतों. तें बहुतांशीं खरें आहे. परंतु एखाद्या वस्तूच्या कडेजवळून जातांना प्रकाश किंचित् वळतो व पसरतो. ह्या गुणधर्मास विवर्तन म्हणतात. त्याचा नियम लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. कड सरळ असेल, तर प्रकाश त्या कडेशीं काटकोन करून, दोन्ही बाजूंस सारखा, रेषेसारखा पसरतो. कड वर्तुळाकार असेल, तर तो सर्व दिशांस सारखा वांटला जातो, व ताऱ्याभोवतीं कांटे न दिसतां फार अंधुक अशीं वलयें होतात. हें घरच्या घरीं पाहतां येतें. रात्रीं दूरच्या रस्त्यावरील दिव्याकडे छत्रीच्या ताणलेल्या कापडांतून पाहा. कापडाचे उभे-आडवे धागे दिव्याला फुलीसारखे चार कांटे फोडतील, आणि छत्री फिरविली कीं फुलीही फिरेल. पावसाळ्यांत एस. टी.च्या पुढल्या आसनावर बसणारांनीं दुसरा एक चमत्कार पाहिला असेल. कांच पुसणारा दांडा फिरून गेला कीं कांचेवर बारीक तेलकट रेघा राहतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला लांबलचक शेपूट फुटतें. तें शेपूट त्या रेघांशीं नेहमीं काटकोनांत असतें.

अडथळा जितका बारीक तितका कांटा लांब, परंतु अंधुक. हिशेब करून पाहूं. दुर्बिणीच्या तोंडावर १ मिलीमीटर जाडीची तार आडवी आली आहे असें समजा. पिवळसर-हिरव्या प्रकाशाच्या लहरीची लांबी सुमारें ०·०००५५ मिलीमीटर. तिला तारेच्या जाडीनें भागून ४८० नें गुणिलें असतां ०·२६ येतात. म्हणजे ताऱ्याच्या प्रत्येक बाजूस कांट्याचा मुख्य भाग पाव मिलीमीटरभर पसरतो. उलट ताऱ्याच्या स्वतःच्या प्रतिमेची त्रिज्या १·२२ × ०·०००५५ × ६, म्हणजे अवघी ०·००४ मिलीमीटर. (येथें ६ ही संख्या नाभ्यंतरास व्यासानें भागून आली.) तेव्हां कांटा ताऱ्याच्या साठपटींहून अधिक लांब झाला! तार दुप्पट जाड घेतली, तर कांटा निम्मा होईल पण अधिक ठळक दिसेल. तांबड्या प्रकाशाची लहर निळ्या प्रकाशाच्या लहरीपेक्षां लांब असल्यामुळें कांट्यांत इंद्रधनुष्यासारखे रंगही दिसतात.

हबलच्या चार कांट्यांचें मर्म आतां उघड झालें. ती आरशाची दुर्बीण आहे. आरशाच्या दुर्बिणींत मोठ्या आरशाच्या समोर दुसरा लहान आरसा टांगावा लागतो, व त्याला धरणाऱ्या पट्ट्या येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेंत उभ्या राहतात. फुलीसारख्या चार पट्ट्या असल्या तर चार कांटे पडतात. कारण समोरासमोरच्या पट्ट्यांचे कांटे एकमेकांवर बसतात. तीन पट्ट्या असल्या तर मात्र सहा कांटे पडतात. २०२१ सालीं अवकाशांत गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा षट्कोनी तुकड्यांचा आहे. त्या तुकड्यांच्या कडांमुळें सहा कांटे, आणि लहान आरसा धरणाऱ्या तीन दांड्यांचे जे सहा, त्यांपैकीं चार पहिल्या सहांवर बसून दोनच वेगळे उरतात, म्हणून तिच्या ताऱ्यांस एकूण आठ कांटे दिसतात. आपल्या महाराष्ट्रांत पुण्यास प्रा. कावसजी दादाभाई नायगांववाला यांच्या देखरेखीखालीं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. तिच्यांतील २० इंचांची दुर्बीण आरशाचीच होती. ती वेधशाळा १९१२ सालीं बंद झाल्यावर दुर्बीण कोडाईकनालला गेली. अशा दुर्बिणींत कांटे येणें हा त्यांच्या रचनेचा परिणाम आहे, तो दोष नव्हे. भिंगाच्या दुर्बिणींत मात्र वाटेंत पट्टी नाहीं, दांडी नाहीं. वाटोळें भिंग आणि वाटोळी नळी. तेथें कांटा दिसला, कीं जें तेथें नसावें असें कांहींतरी आहे, असें समजावें.

तें काय असूं शकेल, ह्याची एक यादी आम्हीं फळ्यावर लिहिली. ती विद्यार्थ्यांस पुढेंही उपयोगी पडेल म्हणून खुणांसह येथें देतों.

(१) दुर्बिणीबाहेरील अडथळा. विजेची तार, माडाची झांवळी, खिडकीचे गज, मच्छरदाणीची जाळी. ह्या वस्तु दूर असल्यामुळें चित्रांत दिसत नाहींत, परंतु प्रकाशाच्या वाटेंत येतात. खूण अशी कीं, कांटा कांहीं चित्रांत असतो व कांहींत नसतो. कारण तारा सरकतो व तार तेथेंच राहते.

(२) दुर्बिणीच्या तोंडावरील वस्तु. दंव पडूं नये म्हणून बांधलेल्या ऊब देणाऱ्या पट्ट्याची लोंबणारी वायर, कोळ्याचा तंतु, आंत डोकावणारा स्क्रू. कांटा सर्व चित्रांत एकाच दिशेस येतो व ती वस्तु काढली कीं नाहींसा होतो.

(३) भिंगावरील रेघा. बोटाचा किंवा रुमालाचा तेलकटपणा एकाच दिशेनें पुसला गेला, तर पुसण्याच्या दिशेशीं काटकोनांत, दोन्ही बाजूंस सारखी अशी एकच लांब रेघ येते.

(४) कॅमेऱ्याच्या भिंगांतील पाती. दुर्बिणीऐवजीं कॅमेऱ्याचेंच भिंग वापरून त्याचें छिद्र लहान केलें, म्हणजे छिद्र वाटोळें न राहतां बहुकोनी होतें. पातीं सम असलीं तर जितकीं पातीं तितके कांटे. विषम असलीं तर दुप्पट. सहा पात्यांचे सहा, सात पात्यांचे चौदा. उपाय असा कीं, छिद्र पूर्ण उघडें ठेवावें, आणि प्रकाश कमी करावयाचाच असेल तर पुढें काळ्या पुठ्ठ्याची वाटोळी भोंकाची चकती लावावी.

(५) कॅमेऱ्याच्या पोटांतील अडथळा. कित्येक कॅमेऱ्यांत आरसा वर उचलला जातो. त्याची किंवा पेटीची कड प्रकाशाच्या शंकूला कापते. मग चित्राच्या एकाच बाजूचे तारे बिघडतात व मधले चांगले राहतात.

(६) प्रकाश टिपणाऱ्या पटाचा स्वभाव. जुन्या प्रकारच्या पटांत फार तेजस्वी ताऱ्याचा भार ओसंडून चित्राच्या उभ्या कडेला समांतर अशी रेघ वाहते. हिचा दुर्बिणीशीं कांहीं संबंध नसतो.

(७) चेपलेलें भिंग. कडें अति घट्ट झालें, किंवा थंडीनें घर आकुंचन पावलें, तर भिंगावर ठिकठिकाणीं दाब पडून त्याचा आकार अणुमात्र बिघडतो. तारा त्रिकोणी होतो व त्याला तीन कांटे फुटतात.

येथें आणखी एक सावधगिरी. बैठक नीट फिरत नसेल तर तारे लांबट येतात. त्यास कांटे म्हणूं नये. बैठकीच्या दोषानें लहानमोठे सर्वच तारे एका दिशेनें ताणले जातात. कांटे मात्र तेजस्वी ताऱ्यांसच ठळक दिसतात.

ही यादी लिहितांनाच आमचा खडू थांबला. केवळ अडथळ्यामुळें होणारा कांटा दोन्ही बाजूंस सारखा पडतो. म्हणून तारा नीट केंद्रित असतां अडथळ्यांचे कांटे दोन, चार, सहा असे सम संख्येनेंच यावयाचे. आमच्या ताऱ्यांस तीन होते, आणि प्रत्येक कांट्याच्या समोरची बाजू रिकामी होती. रुमालानें पुसलेल्या भिंगानें एक रेघ उमटली असती. तीन कांटे उमटले नसते. म्हणजे त्या मुलाविरुद्धचा पुरावा त्याच्याच बाजूचा होता, आणि तो आठ दिवस आमच्या डोळ्यांसमोर होता! तरीही केवळ तर्कावर विसंबून न राहतां एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम करून आम्हीं परीक्षा घेण्याचें ठरविलें. त्यापूर्वीं त्या मुलाच्या घरीं जाऊन त्याला बोलावून आणिलें, व परीक्षांची नोंदवही त्याच्याच हातीं दिली.

रत्नागिरींतील गच्चीवर प्रथम पाहिलें, तों तारे जवळजवळ वाटोळे! दोष पळून गेला कीं काय असें मुलांस वाटलें. त्यानें वहींत उष्णतामान लिहिलें: २५ अंश. लिहितां लिहितां तो म्हणाला, "सर, घाटावर पहांटे बारा होते." ह्या एका वाक्यानें तपासाची दिशा ठरली. फेब्रुवारीच्या आरंभीं आम्ही पुनः आंबा घाटावर गेलों. पहांटे थंडी वाढली, तसे कांटेही परत आले.

पहिली परीक्षा: चित्रांतील सर्व तेजस्वी ताऱ्यांचे कांटे एकाच दिशांस आहेत काय? होते. म्हणून कॅमेऱ्याच्या पोटांतील अडथळा बाद झाला. दुसरी: दुर्बीण तशीच ठेवून फक्त कॅमेरा ४५ अंशांनीं फिरविला. चित्रांत कांट्यांच्या दिशा तितक्याच फिरल्या. कांटे कॅमेऱ्याचे असते, तर चित्राच्या कडांशीं त्यांचा कोन बदलला नसता. कॅमेरा निर्दोष ठरला. तिसरी: कॅमेऱ्यासह सबंध नळीच तिच्या कड्यांत फिरविली. ह्या वेळीं कांट्यांचा चित्राच्या कडांशीं कोन तोच राहिला. म्हणजे कांटे नळीबरोबर फिरले. बाहेरील तारा-झांवळ्या निर्दोष ठरल्या. चौथी: दंवरोधक टोपण व ऊब देणारा पट्टा काढून पाहिला; कांहीं फरक पडला नाहीं. पांचवी: तारा मुद्दाम केंद्राबाहेर नेऊन त्याची मोठी तबकडी करून पाहिली. ती वाटोळी असावयाची, ती गोल कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखी होती. आणि केंद्राच्या दुसऱ्या बाजूस नेली असतां त्रिकोण उलटा झाला. सहावी: ७० मिलीमीटर व्यासाच्या भोंकाची पुठ्ठ्याची चकती तोंडावर बसविली. कांटे बरेच फिके पडले. दोष भिंगाच्या कडेशीं आहे, हें ह्यावरून निश्चित झालें.

राहिलें काय? चेपलेलें भिंग. आणि तें चेपलें कसें, ह्याचें उत्तर आमच्याचपाशीं होतें. पावसाळ्यांत कोंकणांतील प्रत्येक भिंगाला बुरशीचें भय असतें. सप्टेंबरांत आम्हीं स्वतः दुर्बिणीचें तोंड उघडून स्वच्छ केलें होतें. त्या वेळीं पुढचें कडें किंचित् सैल वाटलें, म्हणून "भिंग हलूं नये" ह्या हेतूनें तें आम्हीं हाताचा जोर लावून घट्ट बसविलें. तो सर्व जोर दोन भिंगांमधील पत्र्याच्या त्या तीन तुकड्यांवर आला. गरम हवेंत भिंगानें तो कसाबसा सोसला. थंडींत मात्र घराची धातु भिंगापेक्षां अधिक आकसली. गणित असें: ॲल्युमिनियम दर अंशास लांबीच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें २३ भाग आकसतें, कांच सुमारें ७ भाग. ८० मिलीमीटर व्यास आणि १५ अंशांची उतार घेतली, तर घर ०·०२८ मिलीमीटर आकसेल, भिंग ०·००८. अंतर पडलें ०·०२ मिलीमीटरांचें. हें आपणांस नगण्य वाटेल. परंतु प्रकाशाच्या लहरीशीं ताडून पाहिलें, तर तें पस्तीस लहरींएवढें भरतें! भिंगाचा आकार लहरीच्या चतुर्थांशाइतका बिघडला तरी प्रतिमेवर परिणाम दिसूं लागतो. सैल कडें हा दोष नव्हता; कारागिरानें थंडीसाठीं मुद्दाम राखलेली ती जागा होती.

उपाय अगदीं थोडा होता. कड्यावर व घरावर पेन्सिलीनें एक खूण केली, आणि कडें एक अष्टमांश फेरा सैल करून चित्र घेतलें. कांटे निम्मे झाले. आणखी तितकेंच सैल केलें. तारा वाटोळा झाला. नळी कानाशीं धरून हळूच हालविली असतां भिंगाचा अगदीं बारीक आवाज यावा, इतकीच सैली पुरे. ह्याहून अधिक सैल केलें तर भिंगें तिरकीं होतील. कडें सर्वस्वीं काढूं नये, आणि दोन भिंगें एकमेकांवर फिरूं देऊं नयेत. तसें झालें तर तीं पूर्ववत् बसविणें आपल्या हातचें नाहीं. ज्यांना कड्यास हात लावण्याचें धैर्य नसेल, त्यांनीं पुठ्ठ्याच्या चकतीवर काम भागवावें; तिनें ८० चे ७० झाले असतां प्रकाश शेंकडा २३ कमी होतो, एवढीच हानि.

पाठ इतक्यांत संपला असता; परंतु आम्हांस आणखी एक कर्तव्य होतें. ज्या वर्गासमोर त्या मुलाला दोष दिला, त्याच वर्गासमोर उभे राहून दोष आमचा होता असें आम्हीं सांगितलें, आणि त्याची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं, नोंदवही पुढें करून म्हणाला, "सर, शेवटच्या चित्राची वेळ लिहावयाची राहिली आहे." आम्हीं ती लिहिली.

मध्यंतरीं कोणी अशीही युक्ति सुचविली होती कीं, संगणकावर कांटे पुसून टाकावे म्हणजे झालें. तसें करतां येतें. परंतु पुसलेला कांटा चित्रांतून जातो, दुर्बिणींतून जात नाहीं. आणि तसें केलें असतें तर त्या मुलावरचा कलंकही तसाच राहिला असता. कांटे नेहमींच टाकाऊ असतात असेंही नाहीं. रशियांतील पावेल बाख्तिनोव्ह ह्या हौशी छायाचित्रकारानें सरळ चिरांची एक जाळी योजिली आहे. ती तोंडावर लावली कीं ताऱ्याला मुद्दाम कांटे पडतात, आणि मधला कांटा इतर दोहोंच्या बरोबर मध्यें आला म्हणजे चित्र नीट केंद्रित झालें असें समजतें. काम झाल्यावर ती जाळी काढण्यास विसरूं नये, हें वेगळें सांगावयास नको! कित्येक लोक शोभेसाठीं दोन दोरे फुलीसारखे बांधूनही कांटे काढतात. जाणून घातलेला तो अलंकार; नकळत आलेला तो दोष.

हें सर्व आमच्या भागाला परकें आहे असें कोणी समजूं नये. 'ज्योतिर्विलास' लिहून मराठी वाचकांस आकाशाची गोडी लावणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोली तालुक्यांतील मुरूडचे. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां सर नॉर्मन लॉकियर आपल्या मंडळीसह विजयदुर्गास आले होते. विजयदुर्ग त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. हेलियमचा शोध त्यांनीं १८६८ सालीं विजयदुर्गाहून लावला असें पुष्कळदां सांगितलें जातें. परंतु त्या सालीं ते इंग्लंडांत होते, व तेथूनच त्यांनीं सूर्याच्या प्रकाशांतील ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गाचें श्रेय १८९८ च्या छायाचित्रांचें आहे. भिंगापुढें लोलक बसविलेले कॅमेरे त्यांनीं किल्ल्यावर उभारले होते, आणि 'मेल्पोमीनी' ह्या आरमारी जहाजावरील मंडळी त्यांच्या साहाय्यास होती. खग्रास स्थिति दोन मिनिटांच्या आसपास टिकावयाची. तेवढ्यांत चूक शोधावयास वेळ नसतो. म्हणून कवायत आधीं करावी लागते. आम्हींही घाटावर जाण्यापूर्वीं एका ताऱ्याचें चित्र घेऊन तें मोठें करून पाहिलें असतें, आणि थंडी वाढल्यावर पुनः एकदां पाहिलें असतें, तर पहिली रात्र वायां गेली नसती.

पालकांस एक विनंति. मुलें रात्रीं गच्चीवर जाऊन आकाश पाहूं लागलीं, तर त्यांस अडवूं नये. मात्र दुर्बीण किंवा कॅमेरा सूर्याकडे कधींही रोखूं देऊं नये, त्यानें डोळा कायमचा जातो. पुण्यास १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था अशा हौशी निरीक्षकांस एकत्र आणीत आली आहे; ज्यांस गोडी लागेल त्यांनीं अशा मंडळींच्या सहवासाचा लाभ घ्यावा.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. दोष दिसला कीं माणूस शोधूं नका, कारण शोधा. एका वेळीं एकच गोष्ट बदला, काय घडलें तें त्याच रात्रीं वहींत लिहा, आणि संशयितांच्या यादींत स्वतःचें नांव सर्वांत आधीं घाला. तीन कांट्यांचें तें चित्र आम्हीं मुखपृष्ठास दिलें नाहीं. तें विज्ञानाच्या खोलींत फळ्याशेजारीं लावलें आहे, व त्याखालीं नोंदवही ठेवणाऱ्याच्या हस्ताक्षरांत एवढेंच लिहिलें आहे: "१२ अंश. कडें घट्ट."